ऑपरेशन झालं, मग नजर का नाही वाढली?

(समुदाय रेडिओवर आरोग्याच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलणाऱ्या ताई आधी आशा कार्यकर्ती होत्या. सध्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांना आणि घरच्यांना समजावून सांगण्याचं काम करतात.)



आज मी जरा माझ्याच घरातलं सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते, कारण चूक माझी होती. पण तुमच्यापैकी एखादीच्या घरी ती टळली, तर लाजेचं चीज होईल.

मी आशा म्हणून काम करत होते तेव्हाची गोष्ट. मोतीबिंदूच्या शिबिराला गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जीपमध्ये बसवून न्यायचं, ऑपरेशन झालं की परत आणायचं, हे मी कितीदा केलंय. परत येताना त्या जीपमध्ये नुसता आनंद असायचा. कुणी म्हणायचं, मला रस्त्यावरची पाटी दिसली. कुणी नातवाचं तोंड पाहून म्हणायचं, हा एवढा काळा कधी झाला! डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे नजर परत येणार, हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं.

अशाच एका शिबिरात मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले. तपासून डॉक्टर म्हणाले, "यांना मोतीबिंदू थोडाच आहे. खरा आजार काचबिंदू आहे." उजव्या डोळ्याला फक्त हात हलवलेला कळत होता. डावा डोळा समोरचं नीट बघत होता, पण त्याचीही कडेची नजर बरीच गेलेली. डोळ्याचा दाब चौतीस. तीन प्रकारचे थेंब सुरू झाले, तरी दाब पंचविशीच्या खाली येईना. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायला सांगितलं.

मी सासूबाईंना काय सांगितलं? "आत्या, डोळ्याचं ऑपरेशन आहे, घाबरू नका, चांगलं होईल." बस, एवढंच. डॉक्टरांनी मला जे समजावलं होतं, त्यातलं अर्धं माझ्या कानावरून गेलं होतं आणि उरलेलं मी त्यांना सांगितलं नाही, त्या घाबरतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सासूबाई खिडकीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर पहिल्यापेक्षा धुरकट झालं." आठवडा झाला, दोन आठवडे झाले, नजर तशीच. बघायला येणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, चांगला होता तो डोळा कापून घेतला. माझ्या नवऱ्याचंही तोंड उतरलं. आणि एक दिवस कपाट आवरताना मला थेंबांची बाटली सापडली, भरलेली. सासूबाईंनी बाराव्या दिवसापासून औषध घालणंच बंद केलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "ज्याचा उपयोग नाही त्याला पैसे कशाला घालायचे?"

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर त्यांना आधी द्यायला हवं होतं, ते मी दिलं नव्हतं. आज ते उत्तर तुम्हा सगळ्यांना देते.

दोन बिंदू, दोन वेगळे आजार

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सख्ख्या बहिणींसारखी वाटतात, म्हणून सगळा घोळ होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. खिडकीची काच धुरानं काळी झाली तर घरात उजेड येत नाही, तसं. ती काच बदलली की उजेड येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढून नवं बसवतात, म्हणून दिसायला लागतं.

काचबिंदूत काच स्वच्छ असते. बिघाड असतो तो डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. ही नस म्हणजे विजेच्या जाड केबलसारखी आहे. तिच्यात दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. डोळ्यातला दाब सोसेनासा झाला की हे तंतू एकेक करून मरतात. आधी कडेचं दिसणारे जातात, समोरचं दिसणारे बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकतात. म्हणून माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. त्याला वाटतं आपण वेंधळे झालो. भारतात चाळीशीपुढच्या एक कोटीहून जास्त लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन पाहण्या झाल्या, तेव्हा ज्यांना काचबिंदू निघाला त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे हे माहीतच नव्हतं.

मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. आजच्या घडीला जगात कुठल्याच डॉक्टरकडे त्यावर औषध नाही. मग उपाय कशावर आहे? उरलेल्या तंतूंवर. ते वाचवायचे तर दाब उतरवायचा. थेंबांनी, लेझरनं किंवा ऑपरेशननं, रस्ता कुठलाही असो, हेतू तोच.

मोरी तुंबली तर काय करतो?

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रूंचं पाणी नाही बरं का. अश्रू बाहेरून वाहतात, हे पाणी आत असतं. ते आतल्या भागांना पोसतं आणि बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी आहे, तिच्यातून गळून रक्तात मिसळतं. नळ चालू आहे आणि मोरीला पाणी जातंय, असं समजा. जाळी तुंबली किंवा तिच्या तोंडाशी काही आडवं आलं की पाणी साठतं आणि दाब वाढतो. साधारणपणे हा दाब दहा ते एकवीसच्या मध्ये असतो. मोजमाप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच, रक्तदाबासारखं. पण दोन्हींचा घोटाळा करू नका. रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हणजे डोळ्याचा दाब आटोक्यात आहे, असं नसतं.

थेंब दोन प्रकारे काम करतात. काही नळाची धार कमी करतात, काही पाणी जायला मदत करतात. लेझरनं काही जणांची जाळी थोडी मोकळी करता येते. एवढ्यानं भागलं नाही, किंवा नस झपाट्यानं खराब होत असली, की ऑपरेशन. त्यात तुंबलेल्या मोरीच्या बाजूला नवी वाट काढतात.

ही कल्पना काही आजची नाही. बर्लिनच्या फॉन ग्रेफे नावाच्या डॉक्टरनं १८५७ साली काचबिंदूच्या झटक्यावर ऑपरेशन करून दाखवलं. १९०९ साली मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट एलियट यांनी डोळ्याला बारीक गोल छिद्र पाडून पाणी बाहेर काढायची पद्धत सुरू केली आणि ती जगभर गेली. आज जे ऑपरेशन सगळ्यांत जास्त चालतं, ते ट्रॅबेक्युलेक्टॉमी. त्याची आजची रीत इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८ साली मांडली.

यात काय करतात? डोळा बधिर करतात. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटंसं झाकण कापतात. झाकणाखाली बारीक वाट करून झाकण सैलसर टाके घालून पुन्हा बसवतात. आतलं पाणी त्या झाकणाच्या कडेनं थोडं थोडं झिरपतं आणि वरच्या पातळ आवरणाखाली जमतं. तिथं एक छोटा फुगवटा तयार होतो. पापणीखाली असल्यामुळे तो बाहेरून दिसत नाही.

आता एक गंमत. बाकी कुठलीही जखम लवकर भरावी असं आपल्याला वाटतं. ही मात्र पूर्ण भरून चालत नाही! पोरीचे कान टोचले की भोक बुजू नये म्हणून आपण कडुलिंबाची काडी घालून ठेवतो ना? तसंच इथं आहे. शरीर ती वाट बुजवायला बघतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी बहुतेक वेळा मायटोमायसिन नावाचं औषध तिथं लावतात. आणि नंतर दोन-तीन महिने सूज उतरवणारे थेंब दिवसातून कितीतरी वेळा घालायला सांगतात. सासूबाईंनी जे थेंब बंद केले, ते हेच. नजर वाढवण्यासाठी ते नव्हतेच. वाट उघडी ठेवण्यासाठी होते.

मग नजरेचं नेमकं काय होतं?

हे टप्प्याटप्प्यानं सांगते. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर नीट ऐका.

पहिले काही आठवडे बहुतेकांना आधीपेक्षा धूसर दिसतं. याची कारणं साधी आहेत. टाक्यांमुळे बुबुळाचा गोलावा थोडा बदलतो, त्यामुळे जुना चष्मा जुळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब दिलेले असतात, त्यानं जवळचं दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. कधी सुरुवातीला पाणी जरा जास्तच झिरपतं, दाब फार खाली जातो आणि नजर हलल्यासारखी होते. कधी कमी झिरपतं, मग डॉक्टर एखादा टाका लेझरनं सैल करतात. म्हणून पहिल्या महिन्यात वरचेवर बोलावतात. "नुसतं बघून सोडतात, गाडीभाडं मात्र जातं," असं म्हणून या फेऱ्या चुकवू नका. ऑपरेशन जितकं टेबलावर होतं, तितकंच ते या फेऱ्यांमध्ये होतं.

दोन-तीन महिन्यांनी डोळा स्थिरावतो. तेव्हा चष्म्याचा नंबर पुन्हा काढायचा, त्याआधी नाही. नवा चष्मा लागला की बहुतेकांची नजर ऑपरेशनच्या आधी होती तिथं येते. लक्षात घ्या, आधी होती तिथं. यापेक्षा जास्तीची आशा धरू नये, आणि एवढं झालं तर ऑपरेशन यशस्वी झालं असं समजावं.

काहींना वर्षा-दोन वर्षांत पुन्हा धूसर दिसायला लागतं. तेव्हा घाबरून "काचबिंदू वाढला" असं धरून बसू नका. या ऑपरेशननंतर मोतीबिंदू लवकर पिकू शकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मोतीबिंदूची शक्यता सुमारे ७८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण मोतीबिंदू काढता येतो आणि ती नजर परत मिळते. कधी काढायचा ते मात्र काचबिंदू बघणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण घाईनं काढला तर झिरपण्याची वाट बुजू शकते.

आता वाईट बाजूही सांगते, लपवत नाही. थोड्या लोकांची नजर ऑपरेशननंतर कायमची कमी होते. कुणाला जंतुसंसर्ग होतो, कुणाचा दाब फारच खाली राहतो. आणि ज्यांची नस आधीच जवळजवळ संपलेली असते, अगदी मधला ठिपकाच उरलेला असतो, त्यांच्यात क्वचित तोही जातो. हे फार कमी वेळा घडतं. तरी सही करण्याआधी ते कळलं पाहिजे. उलट, अशा डोळ्यात दाब तसाच चढता ठेवला तर तो ठिपका हळूहळू जाणार हे जवळपास नक्की असतं. दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघून निर्णय घ्यायचा असतो.

आणि चांगली बाजू? काही जणांना दाब उतरल्यावर थोडं जास्त दिसतं. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१६ साली असा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर दृष्टिक्षेत्रातल्या काही जागांची घसरण मंदावली आणि काही जागा तर सुधारल्यासारख्या दिसल्या. असं का होत असावं? दुष्काळात काही झाडं वाळून जातात, काही नुसती कोमेजतात. पाऊस पडला तर कोमेजलेलं पालवतं, वाळलेलं नाही. नसेतले काही तंतू असे कोमेजलेले असावेत. पण हे मिळालं तर वरकमाई. त्याच्या भरवशावर कुणी ऑपरेशन करून घेऊ नये.

उपयोग झाला, हे ओळखायचं कसं?

तक्त्यावरची अक्षरं वाचून हे कळत नाही. अक्षरं मधल्या नजरेनं वाचतात, आणि ती तर शेवटपर्यंत टिकते. दोन गोष्टी बघायच्या. एक, दाबाचा आकडा. दोन, दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे एका भांड्यासारख्या यंत्रात बघायचं आणि कडेला बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. कंटाळवाणी आहे खरी. पण तिच्या कागदावर काळे डाग दिसतात, ते मागच्या वर्षीइतकेच आहेत की पसरले, यावरून सगळं कळतं. ते कागद पोथीसारखे जपून ठेवा.

दाब किती खाली आणायचा हे प्रत्येकाचं वेगळं असतं. नस जितकी जास्त खराब, तितका खाली. जो अमेरिकेतला अभ्यास मी आत्ता सांगितला, त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचा दाब प्रत्येक तपासणीला अठराच्या खाली होता, आणि सरासरी बाराच्या आसपास होता, त्यांचं दृष्टिक्षेत्र आठ वर्षांत सरासरीनं जवळजवळ जागेवरच राहिलं. ज्यांचा दाब निम्म्याहून कमी वेळा अठराखाली सापडला, त्यांचं घसरत गेलं. स्वीडनमधल्या अभ्यासात असं दिसलं की दाब एका मिलिमीटरनं जरी उतरला, तरी आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे पंचवीसवरून बारावर येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. डोळ्याला मात्र त्यातलं काहीच जाणवत नाही.

ब्रिटनमध्ये २७ रुग्णालयांत ४५३ रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांचा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला. निम्म्यांचं आधी ऑपरेशन केलं, निम्म्यांना थेंब दिले. २०२१ साली दोन वर्षांचे निष्कर्ष आले. ऑपरेशनवाल्यांचा दाब सरासरी १२.४, थेंबवाल्यांचा १५.१. पण "रोजच्या कामात तुम्हाला कसं दिसतं?" असं विचारलं तर दोन्ही गटांची उत्तरं जवळपास सारखीच! फरक दिसायला वेळ लागला. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा ऑपरेशन झालेल्यांचं दृष्टिक्षेत्र कमी घसरलेलं होतं. या ऑपरेशनचं फळ असं उशिरा कळतं, आणि तेही न गमावलेल्या गोष्टींच्या रूपात.

नजर खरोखर परत येते असाही एक प्रसंग

हा बायकांनी विशेष ध्यानात ठेवायचा. काचबिंदूचा एक प्रकार अचानक झटका देतो. डोळा लाल, ठणका एवढा की अर्ध डोकं फुटेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, नजर धुरकट होते, आणि उलट्या होतात. उलट्या बघून घरचे म्हणतात, पित्त झालं, आलं-लिंबू द्या, पडून राहू दे. इथंच घात होतो. ज्यांच्या डोळ्याचा पुढचा भाग उथळ असतो त्यांना हा झटका येतो, आणि असे डोळे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. इथं दाब एकदम चढल्यानं बुबुळाला सूज येते. दाब तासाभरात, दिवसाभरात उतरवला तर सूज ओसरते आणि नजर बरीचशी परत येते. उशीर झाला तर नस जाते. म्हणून डोळा लाल, डोकं ठणकतंय आणि उलट्या, हे तिन्ही एकत्र दिसले की रात्र असली तरी निघायचं.

झटका ओसरला की लेझरनं बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात, दुसऱ्या डोळ्यालाही, कारण त्यालाही तोच धोका असतो. काहींचं फुगलेलं भिंगच पुढे रेटत असतं. त्यांचा मोतीबिंदू काढला की दाबही उतरतो आणि दिसतंही जास्त.

तुमचे काही प्रश्न

मागच्या आठवड्यात विषय सांगितला तेव्हा काही जणींनी फोन करून विचारलं, त्यातले तीन घेते.

"ऑपरेशन झालं की थेंब सुटतात का?" बऱ्याच जणांचे सुटतात किंवा कमी होतात, काहींना पुन्हा लागतात. तपासणी मात्र कधीच सुटत नाही. काही वर्षांनी वाट बुजू शकते. तेव्हा सुईनं ती मोकळी करतात, पुन्हा ऑपरेशन करतात, किंवा बारीक नळी बसवतात. अशी नळी मदुराईच्या ऑरोलॅबनं आपल्याकडेच कमी किमतीत तयार केली आहे.

"घरी काय सांभाळायचं?" डोळा चोळायचा नाही. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, हंडा-कळशी उचलायची नाही, खाली वाकून केर-फरशी करायची नाही. सुनांनो, लेकींनो, हे त्या स्वतः ऐकणार नाहीत, तुम्हाला बघावं लागेल. थेंब घालण्याआधी हात धुवायचे, एक थेंब पुरे, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, आणि दुसरं औषध पाच मिनिटांनी. आणि एक गोष्ट आयुष्यभर: ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, दुखला, त्यातून घाण यायला लागली किंवा एकदम धूसर झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दहा वर्षांनी झालं तरी त्याच दिवशी. दुकानातून थेंब आणून घालायचे नाहीत. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, आणि डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घातलं तर त्यानंच दाब वाढतो.

"आईला आहे, मला होईल का?" होईलच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त. चाळिशीच्या आधीच एकदा डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं नाही.

सही करण्याआधी

डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. आत्ता नस किती उरली आहे? दाब किती आहे आणि किती खाली आणायचा आहे? ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? आणि ऑपरेशननंतर मला कसं दिसेल? चौथ्याचं उत्तर "आहे तेवढंच, सुरुवातीला त्याहून कमी" असं आलं, तर डॉक्टर खरं बोलत आहेत असं समजा. ते उत्तर ज्याचा डोळा आहे त्याच्यापर्यंत पोहोचू द्या, मध्ये अडवू नका. मी अडवलं होतं.

सासूबाईंचं पुढे काय झालं ते सांगते. बाटली सापडली त्याच दिवशी मी त्यांना घेऊन गेले. वाट बुजायला लागली होती, दाब पुन्हा बावीस झाला होता. डॉक्टर रागावले, मलाच. मग एक टाका लेझरनं सैल केला, फुगवट्यापाशी औषधाचं इंजेक्शन दिलं, आठवड्याला बोलावलं. परतताना एसटी स्टँडवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, मोरी, कान टोचणं, वाळलेलं झाड, सगळं. त्या गप्प बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे गेलेलं येणार नाही, आहे ते राखायचं. हे आधी सांगितलं असतंस तर मी कशाला बाटली लपवली असती? वावर राखायला जन्म गेला माझा, मला राखण कळत नाही का?"

त्याला आता सात वर्षं झाली. दाब बारा-तेराला आहे. मधे मोतीबिंदूही काढला. उजव्या बाजूनं कुणी आलं तर त्यांना कळत नाही, म्हणून आम्ही सगळे डावीकडून जातो, नातवंडंसुद्धा. चौकटीला खांदा अजून कधीकधी लागतो. पण सकाळी उन्हात बसून तांदूळ निवडतात, आणि खडा राहिला तर तो माझ्याच निवडण्यातला असतो. दृष्टिक्षेत्राचे सात कागद ओळीनं लावून ठेवलेत. काळा डाग सातही कागदांवर जवळपास तेवढाच आहे.

मैत्रिणींनो, मार्च महिन्यात काचबिंदू सप्ताह असतो, ठिकठिकाणी मोफत तपासणी होते. घरात चाळीशी ओलांडलेलं जे कुणी असेल त्याला घेऊन जा. आणि स्वतःला विसरू नका. सगळ्यांना नेऊन आणता आणता स्वतःचे डोळे तपासायचे राहिलेल्या बायका मला रोज भेटतात.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.